शेजारच्या घरकुलात दारू विकतात, तक्रार कुणाकडे करू?

पत्र वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या. नाव-गाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

ताईंचे पती अर्धांगवायूमुळे खाटेवर. मुलगा चाकणला कंपनीत. सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर; सगळं ताईच पाहतात. घराला लागून गावठाणाची मोकळी जागा होती. काही वर्षांपूर्वी तिथे घरकुलांची ओळ उभी राहिली. अगदी लागूनच्या घरात नवरा-बायको, तीन लेकरं आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ राहतात. दिवेलागणीला तिथे मोहाची दारू विकायला सुरुवात होते. पिणारे ताईंच्या भिंतीला टेकून बसतात, लघवीही तिथेच करतात. रात्री बारा-एकपर्यंत बॉक्सवर गाणी, मग शिवीगाळ, मग त्या घरातल्या बाईला मारहाण. सांडपाणी ताईंच्या अंगणात येतं. शेळ्या परसातली भाजी खातात. एकदा ताई त्यांना बोलल्या, तर त्याच रात्री टिनावर दगड पडले. सरपंच ‘पाहू’ म्हणाले. बीट जमादार येऊन गेले, दोन दिवस शांतता होती, मग पुन्हा तेच.

ताई लिहितात: ‘सरकारनं फुकटात घर देल्लं म्हणून माज आला हाये. ते घरकुल रद्द करता येत नाही का? मुलगा म्हणते, कलेक्टरले अर्ज दे, त्याईले तिथून उठवते. त्यानं मोबाइलवर वाचलं का परदेशात सरकारी घरातले लोक असे वागले तर घर काढून घेते. बचत गटातल्या बाया म्हणते, हापशीवर पाणी भरू देऊ नका, कोणीच कामावर बोलावू नका, आपोआप जातील. पण त्या घरातली बाई माझ्याच वावरात निंदायला येते. तिच्याकडे पाहिलं का माझं मन होत नाही. घर विकून वर्ध्याले जाऊ का?’

ताई, नमस्कार.

आधी एक स्पष्ट सांगते. तुमचा त्रास खरा आहे आणि तो सोसत राहणं हे काही तुमचं कर्तव्य नाही. आजारी माणूस घरात असताना रात्री एकपर्यंत बॉक्स वाजतो, टिनावर दगड पडतात, आणि सकाळी तुम्हाला वावरात जायचं असतं. गरीब शेजाऱ्याबद्दल तक्रार केली म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या पत्रात राग जितका आहे तितकाच अपराधीपणाही आहे, आणि या दोन्हींच्या ओढाताणीत तुमची तक्रार अजून कागदावर उतरलेलीच नाही. सरपंचांना तोंडी सांगितलं, जमादारांना तोंडी सांगितलं. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पोच नसते.

आता घरकुलाबद्दल. मुलानं वाचलं ते खोटं नाही. इंग्लंडसारख्या देशात अशी घरं नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या मालकीची असतात आणि लोक तिथे भाडेकरू म्हणून राहतात. भाडेकरू शेजाऱ्यांना छळत असेल तर घरमालक न्यायालयात जाऊन घर खाली करून घेऊ शकतो. आपल्याकडचं घरकुल तसं नाही. प्रधानमंत्री आवास असो, रमाई असो, शबरी असो, सरकार तिथे घरमालक नसतं. सरकार अनुदान देतं, घर त्या कुटुंबाचं होतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये तुमच्या घराची नोंद आहे तशीच त्यांच्याही घराची असते. लाभार्थी अपात्र होता, पैसे उचलून घर बांधलंच नाही, अशा कारणांवरून वसुली होते. जागा सरकारी पट्ट्याची असेल तर ती विकायची नाही वगैरे अटी असतात, आणि त्या महसूल खात्याच्या अखत्यारीत येतात. पण नवरा दारू विकतो, दीर शिव्या देतो म्हणून घरकुल रद्द, अशी तरतूद योजनेत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना तसा अर्ज दिलात तर तो पंचायत समितीकडे जाईल, तिथून ग्रामपंचायतीकडे येईल, आणि सचिव त्यावर ‘सदर लाभार्थी पात्र आहे’ असं लिहून परत पाठवतील. काही महिने जातील. त्या घरात मात्र दुसऱ्या दिवशीच कळेल की तुम्ही त्यांचं छप्पर काढायला निघाला होतात. त्यानंतर बोलायची वाट बंद होईल.

म्हणून माझं मुख्य म्हणणं इतकंच आहे: तक्रार वागण्याची करा, घराची करू नका. दारू, आवाज, दगड, धमकी यांची तक्रार ऐकायला कायद्यानं कुणीतरी बांधलेलं आहे. ‘हे लोक इथे नकोत’ ही तक्रार ऐकायला कुणीही बांधलेलं नाही.

‘फुकटात देल्लं’ या शब्दांजवळ थोडं थांबू या. ही ओळ उभी राहिली तेव्हा सपाट भागात प्रधानमंत्री आवास ग्रामीणचं अनुदान १ लाख २० हजार रुपये होतं, तेही हप्त्यांनी. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर किमान २६९ चौरस फुटांचं. विटा, लोहा, सिमेंट, रेती, मिस्त्री यांचे आजचे भाव तुम्हाला माहीत आहेत. एवढ्यात घर पूर्ण होत नाही. बहुतेक कुटुंबं त्यात स्वतःची मजुरी घालतात, उसनं घेतात. त्या २६९ चौरस फुटांत तीन मोठी माणसं आणि तीन लेकरं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा अशा खोलीत कुणालाच बसवत नाही, सगळा संसार बाहेर येतो. तुम्हाला ऐकू येणाऱ्या आवाजातला काही भाग हा उघड्यावर चाललेल्या संसाराचा आहे. दारूचा धंदा आणि दगड हे त्यात बसत नाहीत. पण दोन्हींना ‘माज’ हे एकच नाव दिलं की कशाची तक्रार करायची आणि कशाशी जुळवून घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळेनासं होतं.

पत्रात तुम्ही त्या कुटुंबाच्या समाजाचं नावही लिहिलं आहे आणि ‘ते लोक तसेच असतात’ असंही. मी ते नाव छापत नाही. त्याच ओळीत इतर घरं आहेत, बहुधा त्याच समाजाची, आणि त्यांच्याबद्दल तुमची एका शब्दाचीही तक्रार नाही. मग हे समाजाचं नाही, एका घरातल्या दोन पुरुषांचं आहे. अर्जात जातीचा उल्लेख एकदाही येऊ देऊ नका. तसा उल्लेख अन्यायाचा तर आहेच, शिवाय शेजारी अनुसूचित जाती-जमातीचे असतील आणि भांडणात चारचौघांत जातीवरून शब्द गेला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तेव्हा तुमची मूळ तक्रार कुठल्या कुठे राहील.

आता एकेक गोष्ट घेऊ.

सांडपाण्यापासून सुरुवात करा, असं मी म्हणेन. तुम्हाला ती सगळ्यात किरकोळ वाटत असेल, पण ती सगळ्यात लवकर सुटणारी आहे, आणि तिच्यात तुम्ही आणि शेजारी एकाच बाजूला आहात. घरकुलाच्या ओळी बांधल्या जातात तेव्हा नाली बहुतेक वेळा मागे राहते, कारण घराचं अनुदान लाभार्थ्याच्या खात्यात येतं आणि नाली ग्रामपंचायतीनं काढायची असते. तुमच्या पत्रावरून तरी त्या ओळीला नालीच नाही असं दिसतं. मग मोरीचं पाणी उतारानं तुमच्या अंगणात येणारच. तिथे देवमाणूस राहायला आला तरी येईल. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला असतो. शोषखड्डे रोजगार हमीतूनही होतात. तेव्हा अर्ज असा करा: ‘घरकुल ओळीस नाली अथवा शोषखड्डे नसल्यामुळे सांडपाणी साचते, डास होतात, तरी काम आराखड्यात घ्यावे.’ त्यावर ओळीतल्या दोन-तीन घरांच्या सह्या घ्या. त्या निमित्तानं तुम्ही त्यांच्या दारात जाल, आणि बहुधा तिथेच तुम्हाला कळेल की त्या एका घराचा त्रास इतरांनाही तितकाच आहे. पुढच्या सगळ्या कामात हीच माणसं तुमच्यासोबत हवीत. घरकुलाबाहेरच्या मोठ्या घरांनी घरकुलातल्या एका घराविरुद्ध सह्या केल्या की त्याला वेगळाच रंग चढतो. त्याच ओळीतली मालाबाई किंवा सुमनबाई पहिली सही करते तेव्हा तो रंग चढत नाही.

शेळ्यांचं फार मनावर घेऊ नका. परसाला काटेरी कुंपण करा. कोंडवाडा आहे, पण शेळी कोंडवाड्यात घातली की भांडण शेळीवर येऊन थांबतं आणि दारू बाजूला राहते.

आवाजासाठी कायदा स्वच्छ आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. दहानंतर बॉक्स सुरू असेल तर ११२ ला फोन करा. एकाच फोननं थांबेल असं समजू नका. दर वेळी फोन करा आणि वहीत तारीख-वेळ लिहा. तुमच्याशिवाय ओळीतल्या आणखी एखाद्या घरातूनही फोन गेला तर फार बरं. लग्न, बारसं, पोळा, गणपती असा दिवस असेल तर मात्र सोडून द्या. गावात राहायचं आहे.

दारूचं मी सविस्तर लिहिते, कारण बाकीचं बरंचसं तिच्यातूनच येतं.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे तुमच्या भिंतीपलीकडे विकला जाणारा प्रत्येक ग्लास बेकायदा आहे, त्यासाठी वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठीही सांगते, हातभट्टी कुठेच कायदेशीर नाही. महिलांच्या मतदानानं बाटली आडवी करण्याची जी पद्धत आहे ती परवाना असलेल्या दुकानासाठी. घरातून विकल्या जाणाऱ्या मोहाच्या दारूसाठी मतदान, ठराव कशाचीच वाट पाहायची नाही. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं ६५ वं कलम तिला पुरेसं आहे. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडेही देता येते. नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच लिहा. अर्थात, भिंतीला भिंत लागून असताना तक्रार कुणी केली हे त्यांना कळायला वेळ लागणार नाही, म्हणूनच एकटीनं करू नका असं सांगते आहे.

यातून काय होईल? छापा पडेल, सडवा नष्ट होईल, गुन्हा दाखल होईल, जामीन होईल आणि काही दिवसांत माणूस पुन्हा विकायला बसेल. हे तुम्ही तुमच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं पाहत आला आहात. म्हणून दुसरी मागणी सोबतच करा: ‘याच व्यक्तीवर दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ प्रमाणे प्रतिबंधक कारवाई करावी.’ त्यात चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं जातं. बंधपत्र दिल्यावर पुन्हा विकताना सापडला तर त्याला ते महागात जातं. छाप्यापेक्षा या कागदाचा धाक जास्त दिवस टिकतो, पण त्यासाठी आधीचे गुन्हे नोंदवलेले लागतात. म्हणजे पहिला छापा व्यर्थ जात नाही. तो पुढच्या कारवाईचा पाया असतो. मुलगा ‘तडीपार करा’ म्हणत असेल तर त्याला सांगा, ती फार पुढची पायरी आहे, गुन्ह्यांची मालिका असलेल्यांसाठीची.

गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी कागदावर आली की दारू थांबते असं नाही, हे विदर्भाइतकं कुणाला ठाऊक असणार! गडचिरोलीत २०१६ पासून सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’च्या कामात गावोगावच्या संघटना उभ्या करण्यावर आणि व्यसनी माणसाच्या उपचारावर भर आहे, तो त्यामुळेच. तुमच्या गावातही छाप्यानंतरचे आठ-दहा दिवस महत्त्वाचे असतील. त्या दिवसांत संध्याकाळी चार-पाच बायांनी तुमच्या ओट्यावर बसणं, नुसतं बसणं, याचा गिऱ्हाइकावर परिणाम होतो. पिणाऱ्यांतले बरेच गावातलेच असतात. स्वतःच्या काकू-मावशीच्या देखत पेला धरायला त्यांना जड जातं. विकणाऱ्याशी वाद घालायची गरजही पडत नाही.

दगड आणि धमकी यांचं मात्र थांबून चालणार नाही. ज्या रात्री दगड पडले तिची तारीख आठवून आजच लिहून ठेवा. फुटलेल्या टिनाचा फोटो काढा. पुन्हा पडले तर लगेच ११२, आणि सकाळी ठाण्यात लेखी तक्रार. ठाणेदार कदाचित अदखलपात्र म्हणून नोंद करतील, ज्याला सगळे एनसी म्हणतात. ‘एनसीनं काय होते’ म्हणून लोक ती घेतच नाहीत. घ्या, तिची प्रत मागून घ्या. अशा दोन-तीन नोंदी असल्या की पोलीस तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी प्रकरण पाठवू शकतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ आहे. ठाण्यात जुन्या सवयीनं अजून ‘१०७ ची कारवाई’ असंच ऐकू येईल. हे बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं. शिक्षा नाही, पण तहसीलमध्ये तारखेला उभं राहावं लागतं आणि वर्षभर डोक्यावर टांगती जबाबदारी राहते. बऱ्याच भांडखोरांना एवढंच पुरतं.

ठाण्यात अर्ज घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पोलीस दारूवाल्याकडून हप्ता घेतात हा तुमचा संशय अर्जात लिहू नका. पुरावा नसताना तो लिहिला की अर्ज वाचणाराच तुमच्या विरोधात जातो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला न दाखवता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन. अर्ज कसा लिहायचा इथपासून ते मदत करतात.

पोलीस पाटलांना विसरू नका. सरपंचांना पुढच्या निवडणुकीत त्या ओळीची मतं हवी असतात. तुम्ही नावं ठेवा किंवा ठेवू नका, ते तसंच असतं. पोलीस पाटील निवडून येत नाहीत आणि गावातल्या अशा गोष्टी वर कळवणं हे त्यांचं कामच आहे. तंटामुक्त समिती तुमच्या गावात जिवंत असेल तर सांडपाणी आणि आवाज तिच्यापुढे मांडा. दारू आणि मारहाण मांडू नका. गुन्ह्याची तडजोड करायची नसते, आणि ती केली की ‘आपसात मिटलं’ असा कागद तयार होऊन तुमच्याच विरोधात वापरला जातो.

आता बचत गटातल्या बायांचा सल्ला. ताई, हे करू नका, आणि कुणी करत असेल तर थांबवा. हापशीवर पाणी भरू न देणं, कामाला न बोलावणं, किराण्यात माल न देणं, असं सगळ्या गावानं ठरवून करणं म्हणजे सामाजिक बहिष्कार. महाराष्ट्रात तो २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रामसभेत ठराव घेतलात तर सह्या करणारे सगळे त्यात येतील, पहिल्यांदा तुमचं नाव. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तीन लेकरांनी काय केलं आहे? हापशीवरून परत कोण जाणार, दीर का नवरा? घागर त्या बाईच्या डोक्यावर असते. निंदणाची मजुरी बंद झाली की त्या घरात दारूच्या पैशाशिवाय दुसरा पैसाच उरणार नाही. ज्या धंद्याचा तुम्हाला त्रास आहे त्याच धंद्यावर तुम्ही त्या घराला पूर्ण अवलंबून कराल.

त्या बाईबद्दल तुम्ही दोन-तीनच ओळी लिहिल्या आहेत, आणि मला वाटतं पत्रातला सगळ्यात खरा भाग तोच आहे. ती दिवसभर तुमच्यासोबत वावरात निंदत असते आणि रात्री तुम्ही भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकता. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही. तुम्हाला वाटतं तिला लाज वाटेल, तिला वाटत असेल तुम्ही रागावला आहात.

तिच्याकडे निरोप देऊ नका. ‘तुझ्या नवऱ्याले सांग, आवाज कमी कर’ हे वाक्य ती घरी घेऊन गेली की त्याची किंमत तीच मोजते. तिला तक्रारीत साक्षीदार करायचाही प्रयत्न नको. फक्त एखाद्या दुपारी, सोबत दुसरं कुणी नसताना, एवढंच सांगा की रात्रीचं मला ऐकू येते, तुला कधी लागलं तर माझं दार उघडं आहे. पुढचं तिला ठरवू द्या. ती लगेच काही बोलणार नाही, कदाचित हसून टाळेल. १८१ हा महिलांसाठीचा फोन तिला पाठ करून द्या. कागदावर लिहून देऊ नका, तो घरात सापडतो. मार सुरू असताना तुम्ही ११२ ला फोन केला तर ते भांडण लावणं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवता येतं आणि खऱ्या मनानं कळवलं असेल तर त्याबद्दल तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. अंगणवाडी ताई आणि आशाताई त्या घरात लेकरांच्या निमित्तानं जातच असतील. त्यांच्याशी बोला, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. ‘उमेद’च्या बचत गटात ती नसेल तर तिला घ्या. ज्या बायांनी तिचं पाणी तोडायचं सुचवलं, त्याच बायांच्या शेजारी ती दर आठवड्याला बसू लागली तर गावातलं बोलणं बरंच बदलेल.

नवरा विकतो तसा स्वतः पितोही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. सकाळी शुद्धीत असताना, त्याला मान देणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं त्याच्याशी बोलावं. तुम्ही नाही, आणि तुमच्या मुलानं तर सुट्टीवर येऊन मुळीच नाही. तरुण मुलगा दारात गेला की हातघाई व्हायला दोन मिनिटं लागतात, आणि तो चाकणला परत गेल्यावर तुम्ही दोघंच उरता. दारू सोडायची त्याची तयारी असेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे व्यसनाकडे आजार म्हणून पाहतात. तो जाईलच असं मी म्हणत नाही. पण तक्रारीबरोबर हा दरवाजाही कुणीतरी दाखवलेला असावा.

व्हॉट्सअपवरच्या गावाच्या ग्रुपमध्ये व्हिडिओ टाकू नका. अंगणातून ऐकू येणारा आवाज पुरावा म्हणून स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, पोलिसांना दाखवा, तिथेच संपवा. त्या घरात डोकावून चित्रण करणं, मार खाणाऱ्या बाईचं, लेकरांचं चित्रण फिरवणं, यानं तिची अब्रू जाते आणि तुमची तक्रार कमजोर होते.

आणि घर विकण्याचं. मी तुम्हाला ‘हार मानू नका’ असं म्हणणार नाही. तुमच्या पतींची तब्येत बिघडत असेल, रात्री जिवाची भीती वाटत असेल, तर गाव सोडणं हाही योग्य निर्णय असू शकतो. पण आज विकायला काढाल तर भाव पडूनच मिळेल, कारण गिऱ्हाईक संध्याकाळी एक चक्कर मारून जाईल. वर्ध्यात भाड्याचं घर घेतलं तर वावर कोण पाहणार, याचं उत्तर पत्रात नाही. तिकडे पतींना उचलायला, बसवायला हाकेला धावून येणारं कोण, याचंही नाही. इथे ते कोण करतं? तुम्हीच लिहिलं आहे की समोरच्या घरातली दोन पोरं येतात. ती पोरं तुम्हाला वर्ध्यात विकत मिळणार नाहीत. मला वाटतं, या हंगामाची वेचणी होईपर्यंत तरी विकण्याचा विषय बाजूला ठेवा, आणि तेवढ्या काळात अर्जांचं काम पूर्ण नेटानं करून पाहा. त्यानंतरही दगड पडत असतील, तर मुलाशी बोलून ठरवा, आणि ते ठरवताना मागे वळून स्वतःला दोष देऊ नका.

काही गोष्टी मात्र याच आठवड्यात करा. पतींची खाट लागूनच्या भिंतीजवळून काढून पलीकडच्या खोलीत घ्या. बाहेरच्या भिंतीवर मोठा दिवा लावा. ग्रामपंचायतीकडे खांबावरच्या दिव्यासाठीही अर्ज द्या, कारण पिणाऱ्यांना अंधार लागतो. एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्यात फक्त चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, काय झालं, आणखी कुणी ऐकलं. तुम्हाला काय वाटलं ते वहीत नको, ते मला लिहा. नालीचा अर्ज ओळीतल्या बायांच्या सह्यांनिशी द्या आणि सचिवांकडून पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी असा नियम आहे. ती भरवा म्हणून सचिवांना आत्ताच सांगून ठेवा आणि दारूचा विषय तिथे मांडा, कुणाचंही नाव न घेता, ‘गावात जिथे जिथे विकली जाते तिथे तिथे’ अशा शब्दांत. त्या घरावरचा ठराव म्हणून तो पुढे आला तर अर्धा गाव गप्प बसेल. सगळ्या गावातल्या दारूचा ठराव म्हणून आला तर प्रत्येक घरातली बाई त्याच्या मागे उभी राहील, ओळीतलीही. त्या ठरावाची प्रत जोडून मग ठाण्यात जा. जाताना निदान चौघी जा, त्यातल्या दोघी घरकुलाच्या ओळीतल्या असाव्यात, आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.